आठ दिवसांनंतर

पडद्यावर पाटी येते, "आठ दिन बाद".
ती पाटी म्हणजे मी.
दिग्दर्शक ओरडतो, "सुहास, गमला बदल!"
मॅडमनी आत्ताच काडी खोचलेली कुंडी मी उचलतो
आणि खंडवा रोडच्या नर्सरीतून सकाळीच आणलेली, फुललेली,
त्याच ओल्या वर्तुळावर नेमकी ठेवतो.
कॅमेरा हलत नाही. मॅडम साडी बदलतात.
तेवढ्यात सगळ्यांचा चहा होतो.

लोकांना काय हवंय ते पत्रांत असतं,
आणि पत्रं फोडायला मीच.
सुदामा नगरातले निवृत्त पोस्टमास्तर विचारतात,
मॅडमच्या मागे दिसते ती पितळी झारी कुठल्या दुकानातली?
राऊचा एक मुलगा: बाल्कनी दोन बाय चार,
ऊन येत नाही, आंबा लावायचाय.
एका बाईंचं म्हणणं, संगीत बंद करा,
माती हलवतानाचा आवाज जरा मोठा ठेवा,
बाकी मॅडम काही बोलल्या नाहीत तरी चालेल.
आणि खातीवाला टँकचे कुणी मुल्हेरकर,
दर पंधरा दिवसांनी, लाल शाईत, एकच वाक्य:
तुमच्या बागेत मुंग्या का नसतात?

शरयू चांदोरकरांचं पोस्टकार्ड मात्र
मी डबा खाताना वाचलं आणि पोळी तशीच राहिली.
"तुमची शेवंती आठ दिवसांत फुलली.
माझी आज एकविसावा दिवस, काडी ती काडीच.
लोकमान्य नगरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं,
तुमच्याकडे रोज येत असेल.
माती काळी. भिजली की चपलेबरोबर घरात येते,
वाळली की भेगेत करंगळी जाते.
माझं काय चुकतंय, एवढंच कळवा."

काय कळवणार?
बाई, तुमचं काही चुकत नाही,
चुकतो तो मी, दर मंगळवारी, पगार घेऊन?
फाडलं नाही. खिशात ठेवलं.

उचललेल्या कुंड्यांचं पुढं काय होतं
हे आजवर कुणी विचारलेलं नाही.
त्या वर गच्चीवर असतात, टाकीमागे, ओळीनं.
टाकी गळते म्हणून जगतात.
मधूनमधून मीही घालतो तांब्याभर.
तिथे पाटी नाही. तिथे आठ दिवस
आठ दिवसांनीच होतात,
आणि झाले तरी बहुतेकदा काही दिसत नाही.

त्यातली एक शेवंती घेऊन मी गेलो.
त्रेचाळीस दिवसांची, एका अंगाला कललेली,
तीन पानं कुरतडलेली, फुलाचा पत्ता नाही.
सगळं सांगून टाकलं दारातच.
चांदोरकर बाईंनी चष्मा वर केला,
मातीत बोट घातलं दुसऱ्या पेरापर्यंत,
म्हणाल्या, "पाणी फार घालताय तुम्ही."
मग आतून गाळलेला चहा आला
आणि चोथा कागदात बांधून, "हिच्यासाठी, धुऊन घ्या आधी."
माझ्या चोरीबद्दल एक अक्षर नाही.
निघताना फक्त,
"ही दाखवाल का हो कधी? अशीच?"

दिग्दर्शकाला विचारलं.
"अरे यार, लोगों को फूल चाहिए."
त्याचंही खरं असेल, मी काही वाद घातला नाही.
पण पुढच्या मंगळवारी टेबलाच्या कोपऱ्यात,
जिथं कॅमेऱ्याला सगळं धूसर दिसतं,
ती कललेली शेवंती ठेवली. कुणी हटकलं नाही.
मॅडम गुलाबाची छाटणी समजावत होत्या.
तिच्या कुंडीतून एक मुंगी निघाली,
टेबल ओलांडून, कात्रीला वळसा घालून,
मॅडमच्या चकचकीत नखापाशी थांबली,
आणि परत फिरली.
संकलनात कुणाच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी मुल्हेरकरांचं कार्ड आलं.
लाल शाई. एकच शब्द.
"दिसली."